प्रत्येक कंटाळवाणा भाग ‘फिलर’ नसतो
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या ॲनिमे (जपानी ॲनिमेशन मालिका) ग्रुपमध्ये मारामारी नसलेला कुठलाही भाग ‘फिलर’ ठरतो. ‘सोडून दे, काही बिघडत नाही,’ असं ऐकून मी दोन भाग सोडले आणि पुढे नायक नेमका कुणासाठी रडतोय तेच कळेना. फिलर म्हणायचं तरी कशाला? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : फिलर हा शब्द भाग चांगला की वाईट ते सांगत नाही, तो कुठून आला एवढंच सांगतो. मूळ मांगात, म्हणजे जपानी चित्रकथेत नसलेला, वेळ काढायला ॲनिमेवाल्यांनी स्वतः रचलेला भाग म्हणजे फिलर.

ही वेळ का येते, त्याचा हिशेब बघा. साप्ताहिकात मांगाचं एक प्रकरण साधारण १८ ते २० पानांचं असतं. टीव्हीचा भाग २४ मिनिटांचा धरला आणि सुरुवातीचं व शेवटचं गाणं दीड-दीड मिनिटाचं वजा केलं, तर २१ मिनिटं उरतात. तेवढ्यात दोन प्रकरणं सहज उडतात. मांगाकार आठवड्याला एक प्रकरण काढणार, ॲनिमे आठवड्याला दोन खाणार. मांगा कितीही पुढे असो, एक दिवस ॲनिमे त्याला गाठणारच. मग मूळ कथेला धक्का न लावता काहीतरी दाखवत राहावं लागतं. ‘नारुतो’ची पहिली मालिका २२० भागांची आहे. त्यातले १३६व्या भागापासूनचे जवळजवळ सगळे भाग असेच भरीचे.

आता सोडण्याआधी तपासायचं कसं? चाहत्यांनी केलेल्या भागांच्या यादीत त्या भागासमोर मांगाच्या प्रकरणाचा क्रमांक आहे का ते पाहा. क्रमांक असेल तर तो फिलर नाही, मग त्यात सगळे नुसते बसून चहा पीत असले तरी. थोडा मजकूर मांगातला आणि थोडा पदरचा असेल तर तो मिश्र भाग. तो सोडू नका, तुमचा घोटाळा बहुधा इथेच झाला. जुनीच दृश्यं पुन्हा दाखवणारा भाग म्हणजे उजळणी, ती बेलाशक सोडा. आणि मालिका थेट ॲनिमे म्हणूनच लिहिलेली असेल, तर तिथे हा शब्द लागूच होत नाही. हल्ली बऱ्याच मालिका १२-१३ भागांच्या हंगामात येतात आणि मध्ये थांबतात, म्हणून फिलर कमी झालेत. बारा भागांच्या मालिकेत कुणी तीन फिलर मोजून दाखवले, तर त्याला आधी प्रकरणांचे क्रमांक विचारा.

संथ भागाला ‘संथ’ म्हणावं. शब्द आहे आपल्याकडे.

प्रश्न : नायिका हुशार निघाली की लगेच ‘मेरी स्यू’! मी फॅनफिक्शन (आवडत्या मालिकेच्या पात्रांवर चाहत्यांनी रचलेल्या कथा) लिहिते, मलाही हे ऐकावं लागतं. (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : मेरी स्यू जन्मली १९७३मध्ये. पॉला स्मिथ यांनी ‘स्टार ट्रेक’ या अंतराळ मालिकेच्या चाहत्यांच्या एका अंकात एक छोटं विडंबन लिहिलं. त्यात मेरी स्यू ही ताफ्यातली सर्वांत तरुण लेफ्टनंट, वय अवघं साडेपंधरा, सगळ्यांना भुरळ घालते, सगळं काही जमवते आणि शेवटी मरते. अख्खं जहाज रडतं. टोला हुशार बाईला नव्हता. दुसऱ्याच्या कथेत स्वतःची लाडकी प्रतिमा घुसवून तिच्यासाठी सगळ्यांना वाकवणाऱ्या लेखनाला होता.

म्हणून परीक्षा नायिकेची घेऊ नका, तिच्या आजूबाजूच्यांची घ्या. एरवी खडूस असलेला कॅप्टन ती आली की विनाकारण विरघळतो का? त्या जगाचे नियम तिच्यापुरते बदलतात का? तिच्या चुकीची किंमत कुणी मोजतं का, की तिचा ‘दोष’ म्हणजे फक्त गोड वेंधळेपणा? तिन्ही ठिकाणी पंचाईत असेल तर आरोप मान्य करा आणि दुरुस्ती दुय्यम पात्रांपासून सुरू करा. नायिकेला मुद्दाम बावळट करून काही साधत नाही. हाच दोष असलेल्या नायकासाठी ‘गॅरी स्टू’ असा शब्द आहे, पण तो क्वचितच ऐकू येतो. का, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

प्रश्न : ‘कॅनन’ आणि ‘हेडकॅनन’ यात फरक काय? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : मूळ कलाकृतीत आहे ते कॅनन, एकट्याच्या डोक्यात आहे ते हेडकॅनन, आणि पुष्कळांच्या डोक्यात बसून खरं वाटू लागलं की फॅनॉन. शेरलॉक होम्सच्या ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा हे कॅनन. ‘एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन’ हे वाक्य त्या साठांत कुठेही जसंच्या तसं नाही. ‘माझं हेडकॅनन असं आहे, म्हणजे ते खरंच आहे,’ असं कुणी म्हणालं तर पान क्रमांक मागा.

प्रश्न : मुलगी मैत्रिणीला म्हणाली, ‘माझे पाच ओटीपी आहेत.’ माझ्या पोटात गोळाच आला. (एक आई, औंध)

उत्तर : बँकेचा नव्हे, काळजी नसावी. कथेतल्या दोन पात्रांचं जमावं असं वाटणं म्हणजे ‘शिप’ करणं, रिलेशनशिपचं शेपूट. त्यातली सर्वांत लाडकी, एकमेव जोडी म्हणजे ‘वन ट्रू पेअरिंग’, अर्थात ओटीपी. एकमेव गोष्टी पाच कशा, एवढं मात्र लेकीला जरूर विचारा.

प्रश्न : रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकतोय. ग्रुपवर लोक स्वतःच्याच नावापुढे ‘सान’ लावतात आणि ज्याला त्याला ‘सेनपाइ’ म्हणतात. डोकं फिरतं. (एक वाचक, डेक्कन)

उत्तर : फिरायलाच हवं. ‘सान’ दुसऱ्याला लावायचा. ‘नमस्कार, मी पाटीलसाहेब बोलतोय,’ असं फोनवर ऐकलं की आपण जसे गालात हसतो, तसंच ते जपानी कानाला लागतं. बाहेरच्या माणसाशी बोलताना तर आपल्याच कंपनीतल्या साहेबाचाही ‘सान’ गाळतात. ‘सेनपाइ’ म्हणजे त्याच शाळेत, क्लबात किंवा कचेरीत आपल्या आधी आलेला. इंजिनिअरिंगच्या पोरांचा ‘सीनियर’ तोच. आवडत्या मांगाकाराला सेनपाइ म्हणू नये, त्याच्यासाठी ‘सेन्सेइ’, म्हणजे गुरुजी, आहे.

‘ओताकु’, म्हणजे एखाद्या गोष्टीने झपाटलेला चाहता, हा शब्द जरा जपून वापरा. मूळ अर्थ ‘आपलं घर’, त्यावरून आदरार्थी ‘आपण’. १९८३मध्ये अकिओ नाकामोरी यांनी एका मासिकात चाहत्यांची टर उडवायला तो वापरला आणि तो चिकटला. आता धार बोथट झाली आहे आणि शब्द ॲनिमेपुरताही नाही. रेल्वेचे ओताकुही असतात. स्वतःबद्दल हसत म्हणा. जपानी पाहुण्याला पहिल्याच भेटीत ‘आपण ओताकु का?’ असं विचारू नका.

प्रश्न : ‘शोनेन’ म्हणजे मारामारीचा प्रकार ना? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : नाही. शोनेन म्हणजे मुलगा. मांगा कुठल्या वाचकांच्या मासिकात छापला गेला, ते या शब्दावरून कळतं. खेळ, स्वयंपाक, प्रेम, सगळं शोनेन मासिकात येतं. आणि रक्तबंबाळ मारामारी मोठ्यांच्या ‘सेइनेन’ मासिकातही भरपूर असते. शंका आली तर मासिकाचं नाव शोधा.