घरदार सोडून आलेल्या मुलांसाठी उन्हाळी वर्ग घ्यायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि मे महिन्यात मैत्रिणींबरोबर कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीजवळच्या वस्तीत वर्ग सुरू करणार आहात. मुलं सहा ते तेरा वयाची, नुकतीच आलेली. कुणी बंगाली बोलतं, कुणी ओडिया, कुणी बिहारकडची हिंदी. परदेशात निर्वासित मुलांसाठी उन्हाळी शाळा चालतात तसं इथं जमेल का, आणि महिनाभरात मराठी किती होईल, असं तुम्ही विचारलंय.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि फाउंड्रीत कामाला आलेल्या कुटुंबांच्या मुलांचा असाच वर्ग उन्हाळ्यात घेते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मराठी थोडीच होईल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. जूनमध्ये मुलाचं नाव शाळेच्या पटावर लागलं आणि पहिल्या दिवशी शेजारी बसायला त्याला ओळखीचं एखादं पोरगं मिळालं, तर तुमचा वर्ग सार्थकी लागला. महिनाभर जे काही कराल ते या दोन गोष्टींकडं बघून करा.

कायद्यानं ही मुलं निर्वासित नाहीत, देशातल्या देशात आलेली आहेत. पण खऱ्या निर्वासित मुलांच्या शाळा कोल्हापूरनं पाहिल्यात, आणि त्यातून आपल्याला घेण्यासारखं खूप आहे. दुसऱ्या महायुद्धात पूर्व पोलंडमधून सायबेरिया आणि कझाकस्तानला हाकललेल्या लोकांपैकी काही जण इराणमार्गे भारतात आले. त्यांच्यासाठी 1943 ते 1948 या काळात आपल्या वळिवड्याला छावणी होती. जवळपास 5,000 माणसं, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. जामनगरजवळ बालाचडीला तिथले राजे जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी पोलिश मुलांना आसरा दिला होता. ती छावणी बंद झाल्यावर तिथली मुलंही वळिवड्याला आली. पोलिश लोक गेल्यावर त्याच जागी फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं वसली. आज आपण कापड घ्यायला जातो ते गांधीनगर म्हणजे तीच जागा. महावीर उद्यानात पोलिश लोकांच्या आठवणीचं स्मारक आहे, सवड काढून मैत्रिणींना घेऊन जा.

वळिवड्याच्या छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, स्काउटची पथकं होती. मुलं पोलिश भाषेतच शिकत आणि शिकवणारी माणसंही त्यांच्यातलीच होती. या मुलांनी उपासमार आणि घरातले मृत्यू पाहिले होते. त्यांना रोजची घंटा, स्वतःची भाषा आणि आपलं म्हणावं असं मोठं माणूस मिळालं. मला हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. म्हणून फळा-खडू आणायच्या आधी वस्तीत फिरा आणि बंगाली बोलणारी एखादी आई, ओडिया बोलणारी एखादी मोठी बहीण शोधा. तिचं शिक्षण किती झालंय ते बघू नका. तिनं रोज अर्धा तास येऊन बसावं, गोष्ट सांगावी, रडणाऱ्या पोराला जवळ घ्यावं. त्या वेळेत तिची मजुरी बुडणार असेल तर तेवढे पैसे वर्गणीतून द्या, फुकट राबवून घेऊ नका.

मुलाची भाषा वर्गात आली की काय होतं, ते एका उदाहरणावरून सांगते. मालदा जिल्ह्यातून आलेला एक मुलगा होता. गंगेनं काठ कापत कापत त्यांचं घर नेलं, म्हणून बाप इकडं आलेला. पोरगा बेरजेत कच्चा, असं आमच्या एका स्वयंसेवकानं वहीवर लिहून ठेवलं. वही बघितली तर पोरानं 2 आणि 2 ची बेरीज 8 लिहिलेली, 3 आणि 4 ची 9. बंगालीतला चारचा आकडा आपल्या इंग्रजी आठसारखा दिसतो आणि सातचा इंग्रजी नऊसारखा. पोराचं एकही गणित चुकलेलं नव्हतं. बंगाली बोलणाऱ्या एका आईला बोलावून आम्ही भिंतीवर तिन्ही लिप्यांतले आकडे शेजारी शेजारी लावले आणि इथली पोरंही बंगाली आकडे गिरवायला लागली. तुम्ही हा तक्ता पहिल्याच दिवशी लावा. बिहारकडच्या मुलांना देवनागरी येते, त्यांचं वाचन लवकर सुरू होतं. बंगाली आणि ओडिया मुलांना लिपीपासून सुरुवात असते. सगळ्यांना एकाच मापानं मोजलंत तर हुशार पोरं ढ ठरतील. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर एकच गोष्ट मराठी, बंगाली, ओडिया, हिंदीत फुकट मिळते. छापून घ्या, आधी त्यांच्या भाषेत वाचू द्या, मग मराठीत.

काही मुलं बरेच दिवस तोंडच उघडणार नाहीत. त्यांना उभं करून बोलायला लावू नका. नवी भाषा कानावर पडत असताना मूल असं गप्प राहतं आणि त्या काळात ते भरपूर शिकत असतं. बोट दाखवून, चित्र निवडून, कृती करून उत्तर दिलं तरी ते उत्तरच धरा. जिम कमिन्स या अभ्यासकानं कॅनडात स्थलांतरित मुलांवर काम करून दाखवलंय की खेळण्या-बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण पुस्तकातलं समजण्याइतकी यायला पाच ते सात वर्षं लागतात. त्यामुळं फाडफाड मराठी बोलणारं पोरगं इतिहासाच्या धड्यात अडलं तर ते आळशी आहे असं समजू नका, आणि पुढं शिक्षिका झाल्यावरही हे विसरू नका.

वेळ सकाळची ठेवा, साडेसात ते दहा. त्यानंतर पत्र्याखाली बसवत नाही. रोजचा क्रम एकच ठेवा आणि उद्या काही वेगळं असेल तर आजच सांगा. ज्यांचं सगळं अचानक बदललंय त्यांना अचानक काहीही नको असतं. सुट्टीत शाळेचा पोषण आहार नसतो, त्यामुळं केळं, शेंगदाण्याची चिक्की, फुटाणे यांची सोय आधी लावा. उपाशी पोरांना शिकवू नये. मोठ्या मुली धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येतील, येऊ द्या. "भावाला घरी ठेवून ये" म्हटलंत की ती मुलगीही यायची बंद होते.

इथल्या वस्तीतली मराठी मुलं वर्गात घेतलीच पाहिजेत. निम्मी नाही तरी चार-पाच तरी हवीत. नुसत्या बाहेरून आलेल्यांचा वर्ग भरवलात तर ती जूनमध्ये शाळेत परकीच राहतील. आणि फुटबॉल ठेवा. पेठापेठांत तालमींचे संघ असलेलं आपलं गाव, आणि बंगालमधल्या पोराच्याही पायात तोच चेंडू. तो मालद्याचा मुलगा वर्गात मान वर करत नव्हता, मैदानात मात्र आमच्या पोरांनी त्याला दोन्हीकडून ओढायला सुरुवात केली. मराठीतलं त्याचं पहिलं बोलणं "दे की इकडं" हे होतं.

"तुझं घर काढ" असं चित्र पहिल्या आठवड्यात देऊ नका. काय काढायचं ते त्यांना ठरवू द्या. घर का सोडलं, बाबा कुठं आहेत, हे खोदून विचारू नका. मूल आपणहून सांगेल तेव्हा हातातलं काम ठेवून ऐका. पंचगंगेच्या घाटावर किंवा रंकाळ्यावर सहल काढणार असाल तर पालकांशी आधी बोला, कारण पुरातून आलेल्या मुलांना पाण्याची धास्ती असू शकते. पालकांच्या पगाराच्या, आजारपणाच्या, भांडणाच्या गोष्टी समजून घेताना मुलाला दुभाष्या करू नका, ते ओझं त्याचं नाही. आणि बंगाली बोलतो म्हणून कुणी त्याला "कुठल्या देशाचा रे तू" म्हणालं, मग ते मूल असो की मोठं माणूस, तर तिथंच, सगळ्यांसमोर थांबवा. यात भीड ठेवू नका.

एखादं मूल जेवतच नाही, झोपत नाही, आवाजानं दचकतं, अंथरूण ओलं करतं आणि आठवडे गेले तरी फरक नाही, तर ते आपल्या आवाक्यातलं नाही हे ओळखा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक फुकट आहे, अनेक भारतीय भाषांत बोलता येतं. मुलाला मारहाण होतेय किंवा कामाला जुंपलंय असं दिसलं तर चाइल्डलाइनच्या 1098 वर फोन करा.

आता प्रवेश. याला शेवटचा आठवडा पुरत नाही, वर्गाच्या पहिल्या आठवड्यातच यादी करा. शिक्षण हक्क कायदा 2009 सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. कलम 14 प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम 5 प्रमाणे आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही अडवता येत नाही. कलम 4 प्रमाणे मुलाला वयाच्या मानानं योग्य त्या वर्गात बसवायचं आणि ते मागं असेल तर विशेष प्रशिक्षण द्यायचं. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाला मराठी येत नाही म्हणून पहिलीत बसवणं चूक आहे. हे कागदावर लिहून न्या, पालकांना बरोबर घ्या आणि गोडीनं बोला. बहुतेक मुख्याध्यापक समजून घेतात. नाहीच झालं तर केंद्रप्रमुखांना भेटा, मग हातकणंगले पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

शाळा सुरू झाल्यावर जुलैत एकदा प्रत्येकाच्या वर्गशिक्षकांना भेटून या. ही कुटुंबं छठला, पूजेला, ईदला गावी जातात आणि परत यायला महिना लागतो, तेवढ्यात पोराचं नाव पटावरून जाऊ शकतं. गावी निघण्याआधी शाळेत कळवायचं, एवढं पालकांना मेमध्येच पक्कं सांगून ठेवा आणि शिक्षकांचा फोन नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये तुम्ही स्वतः टाकून द्या.