कवट्यांची मोजमापे अचूक असूनही नाझी ‘वंशशास्त्र’ छद्मविज्ञान कसे?

हा प्रश्न नाशिकला इतिहासाचे विद्यार्थी हमखास विचारतात. मोजपट्टी अचूक असली, तरी युरोपीय वंश श्रेष्ठ हा निष्कर्ष आधीच ठरलेला होता; म्हणून ते छद्मविज्ञान, म्हणजे विज्ञानाचा नुसता आव. बर्लिनमध्ये जर्मन मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली १९२०च्या दशकाच्या अखेरीस संशोधन करणाऱ्या इरावती कर्वे यांनी निरनिराळ्या वंशांच्या कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजू मोजल्या, युरोपीय कवटीची असममिती (दोन बाजूंमधला फरक) बुद्धीच्या श्रेष्ठत्वाची खूण ठरावी, अशी गुरूंची अपेक्षा होती, पण वंशाशी तिचा संबंध आढळला नाही आणि बाईंनी (धाडसच म्हणायचे!) प्रबंधात तसेच लिहिले. फिशर मात्र १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले आणि १९३७ मध्ये पश्चिम जर्मनीतील ऱ्हाइनलँडमधील मिश्रवंशीय मुलांच्या सक्तीच्या नसबंदीला याच ‘शास्त्रा’चे दाखले जोडले गेले.