"माझं ड्रॉइंग कच्चंय, मग मी स्टोरीबोर्ड करू की नको?"

टीव्ही कार्टूनच्या फील्डमध्ये जायचं असणाऱ्या मुलामुलींचा एक प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे फिरून फिरून येतो. (स्टोरीबोर्ड म्हणजे कार्टूनची गोष्ट चित्रांच्या चौकटींत क्रमाने मांडणं.) गोष्टी सुचतात, संवाद जमतात, पण हात चालत नाही, मग मी लेखक व्हावं, आर्टिस्ट व्हावं की दोन्ही सोडून नोकरी बघावी? त्यावर एक केस सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि तिला विचारून लिहितेय.

पंचविशीतली मुलगी, अॅनिमेशन शिकलेली, किरकोळ फ्रीलान्स कामं करत स्टुडिओंच्या बोर्ड टेस्ट देत होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बोर्ड टेस्ट म्हणजे एखाद-दोन पानांची स्क्रिप्ट देतात, ठराविक दिवस देतात आणि त्याचे पॅनल, म्हणजे स्टोरीबोर्डच्या एकेक चौकटी, काढून मागतात. हिची टेस्ट कधी पूर्णच व्हायची नाही. पहिले काही पॅनल बघत राहावेत असे आणि शेवटची पानं घाईघाईत उरकलेली नाहीतर चक्क कोरी. नकार आला की निष्कर्ष ठरलेला, ड्रॉइंग कमी पडलं, अजून अॅनाटॉमी पक्की करायला हवी, की पुढची टेस्ट अजून हळू आणि अजून अर्धवट. झोप उडालेली, मैत्रिणींचं काम ऑनलाइन दिसलं तरी पोटात गोळा यायचा.

मी म्हटलं, पुढच्या वेळी काम घेऊन ये. मला चित्रातलं फार कळत नाही, पण इथे त्याचा फायदाच झाला. एक पॅनल होता, मुलाच्या हातून ट्रॉफी तुटलीय आणि आई दारात आलीय. खिडकीतून येणारा उजेड, पडद्याच्या चुण्या, कपाटावरची नक्षी, सगळं मन लावून काढलेलं. मी विचारलं, हा मुलगा करतोय काय? "अहो मॅडम, ट्रॉफी लपवतोय ना पाठीमागे!" मला ती दिसलीच नव्हती. मग त्याच फाइलमध्ये मागे एक गिचमिड सापडली, अंड्यासारखं डोकं, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, अंग एकीकडे वाकडं झालेलं आणि पाठीमागून ट्रॉफीचा कान बाहेर डोकावतोय. मी फस्सकन हसले. तर ही पटकन पान उलटत म्हणते, "ते नका बघू, ते रफ आहे."

म्हणजे जे चित्र काम करत होतं तेच ती लपवत होती.

स्टोरीबोर्डचं कामच मुळात ते आहे हो. 1930 च्या दशकात डिस्नेच्या स्टुडिओत स्केचेस बोर्डवर पिनांनी लावून ठेवायला लागले ते गोष्ट सलग दिसावी, कुठे अडतेय ते कळावं, नको ते काढून फेकता यावं म्हणून. आजही आधी थंबनेल म्हणजे छोटी झटपट चित्रं, मग रफ, मग क्लीन असंच चालतं आणि ते पॅनल ओळीने लावून, त्यावर तात्पुरता आवाज टाकून अॅनिमॅटिक नावाचा कच्चा व्हिडिओ बनतो, ज्यात बरेच पॅनल उडतात. अकरा मिनिटांच्या एपिसोडला शेकडो पॅनल लागतात, पडद्याच्या चुण्या काढायला वेळ आहे कुणाला? शिवाय काही शोमध्ये लेखक पूर्ण स्क्रिप्ट देतो, पण काहींत बोर्ड आर्टिस्टच्या हातात फक्त दोन-तीन पानी आउटलाइन पडते, संवाद आणि विनोद त्यालाच रचायचे असतात. तिथे लेखक की आर्टिस्ट हा प्रश्नच उरत नाही. रिबेका शुगर 'अॅडव्हेंचर टाइम' या कार्टूनवर आधी दुसऱ्यांचे बोर्ड दुरुस्त करायचं काम करत होती, तिथून बोर्ड आर्टिस्ट झाली आणि 2013 मध्ये तिचा स्वतःचा शो आला. आणि उशीर झाला म्हणणाऱ्यांसाठी, 'स्पंजबॉब'वाला स्टीफन हिलनबर्ग आधी सागरी जीवशास्त्र शिकवायचा, अॅनिमेशन शिकायला गेला तेव्हा तिशीला टेकला होता.

पण ही माहिती तिच्याकडे होतीच, माझ्यापेक्षा जास्त. माहिती असून माणूस का अडतो हे बघायचं होतं. बोलता बोलता कळलं की लहानपणापासून घरात, शाळेत तिचं कौतुक व्हायचं ते एकाच गोष्टीचं, "हिचा हात काय छान आहे." त्यामुळे वेडंवाकडं चित्र कुणाला दाखवणं म्हणजे तिच्यासाठी उघडं पडणं होतं. ही गाठ अजून अॅनाटॉमी शिकून सुटणारी नव्हती, आणि खरं सांगायचं तर अशा मुलांना "तू छानच काढतेस गं" म्हणणारे जास्त नुकसान करतात.

मग ठरवलं ते एवढंच. आख्खा सीन आधी थंबनेलमध्ये शेवटपर्यंत न्यायचा, टायमर लावून, मागे जाऊन खोडायचं नाही. मग ते फील्डबाहेरच्या कुणाला तरी दाखवायचं, आपण तोंड उघडायचं नाही, फक्त विचारायचं, काय झालं सांग. समोरच्याने गोष्ट बरोबर सांगितली तर पॅनल पास, नाही तर तेवढाच बदलायचा. पहिल्यांदा भावाला दाखवताना तिचे हात थरथरत होते म्हणे, आणि भाऊ एका पॅनलवर अडला तो नेमका तिचा सगळ्यात सुंदर पॅनल होता. त्यावर ती हसली हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

पुढच्या टेस्टलाही नकारच आला, पण ती टेस्ट पूर्ण गेली होती. नंतर एका ठिकाणी रिव्हिजनचं काम मिळालं, म्हणजे डायरेक्टरच्या नोट्सप्रमाणे दुसऱ्यांचे पॅनल बदलायचे, आणि रोज इतरांचं रफ काम बघून बघून तिची भीड बरीच चेपली. आता तिची चिंता वेगळीये. या फील्डमध्ये बरंचसं काम सीझनपुरतं असतं, सीझन संपला की पुढच्याची वाट बघत घरी. त्याला मात्र समुपदेशनाआधी हिशेबाची वही लागते, मधल्या रिकाम्या महिन्यांचा खर्च काम चालू असतानाच बाजूला काढायचा, आणि सध्या आम्ही तेच करतोय.