धातूंचे नॅनोकण : चाचणीच्या पट्टीपासून गाठीपर्यंत

प्रश्न : सोने, लोह यांसारख्या धातूंचे नॅनोकण रक्तात सोडले, की ते निरोगी पेशींना धक्का न लावता थेट कर्करोगाच्या गाठीत पोहोचतात, असे वाचले. हे खरे आहे का? असे उपचार आज उपलब्ध आहेत का?

उत्तर : ‘थेट पोहोचतात’ हा दावा वस्तुस्थितीला धरून नाही. रक्तात शिरताच कणांवर तेथील प्रथिनांचे आवरण चढते, आणि मग यकृत व प्लीहा यांमधील भक्षक पेशी त्यांना परके समजून गिळून टाकतात. अनेक वर्षांच्या प्राण्यांवरील प्रयोगांचा २०१६ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोहोचणारा मध्यक वाटा (म्हणजे निम्म्या नोंदींत याहून कमी, निम्म्यांत याहून जास्त) सुमारे ०.७ टक्के एवढाच भरला. उरलेल्याचे काय होते, हा प्रश्न धातूंच्या बाबतीत अधिकच महत्त्वाचा ठरतो, कारण साधारण ५-६ नॅनोमीटरपेक्षा (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) मोठे कण मूत्रपिंडातून सहसा गाळले जात नाहीत आणि सोन्यासारखा धातू शरीरात विरघळून नाहीसाही होत नाही.

युरोपात मान्यता मिळालेल्या दोन उपचारांमध्ये कण रक्तात न सोडता सुईने गाठीतच टोचतात, हे या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे. पहिल्यात (मान्यता २०१०) मेंदूतील गाठीत लोह ऑक्साईडचे कण सोडून बाहेरून सतत दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र लावले जाते; त्यामुळे कण तापतात आणि त्या उष्णतेने गाठीच्या पेशी मरतात किंवा किरणोपचाराला अधिक बळी पडतात. याची किंमतही आहे : डोक्याच्या आसपासचा धातू, अगदी दातांत भरलेलासुद्धा, आधी काढावा लागतो, आणि कण मागे राहत असल्याने नंतर मेंदूची एमआरआय तपासणी उपयोगाची राहत नाही. दुसऱ्यात (मान्यता २०१९, मृदू ऊतींच्या सार्कोमासाठी, म्हणजे स्नायू, चरबी अशा ऊतींतील कर्करोगासाठी) हाफनियम ऑक्साईड वापरतात. हाफनियम या धातूचा अणुक्रमांक ७२, म्हणजे ऊतींतील मूलद्रव्यांपेक्षा बराच मोठा, असल्यामुळे तो क्ष-किरण ऊतींपेक्षा कितीतरी अधिक शोषतो आणि तेथेच इलेक्ट्रॉन बाहेर टाकतो, म्हणून तेवढ्याच किरणमात्रेत गाठीला अधिक इजा होते.

शिरेतून दिल्या जाणाऱ्या लोहकणांचे ठोस उदाहरण मात्र कर्करोगाबाहेरचे आहे. कर्बोदकाचे आवरण असलेले फेरुमॉक्सिटॉल हे औषध अमेरिकेत २००९ मध्ये, मूत्रपिंडाच्या जुनाट विकारातील लोहन्यून रक्तक्षयासाठी मंजूर झाले. येथे भक्षक पेशींनी कण गिळणे हीच इष्ट गोष्ट आहे, कारण त्यांच्यातूनच लोह शरीराच्या साठ्यात जाते. तीव्र अ‍ॅलर्जीचा धोका असल्याने ते सावकाश आणि देखरेखीखालीच द्यावे लागते.

सोन्याचे नॅनोकण तर बहुतेक वाचकांनी नकळत पाहिलेलेही असतील. गर्भधारणा चाचणीच्या किंवा कोविडच्या जलद चाचणीच्या पट्टीवर उमटणारी लालसर रेघ बहुधा त्यांचीच असते. साधारण वीस ते चाळीस नॅनोमीटर आकाराच्या कणांतील मुक्त इलेक्ट्रॉन हिरव्या प्रकाशाबरोबर आंदोलित होऊन तो शोषून घेतात, म्हणून द्रावण माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्येच अशा द्रावणांचा अभ्यास मांडला होता. या कणांना प्रतिपिंडे (ठरावीक रेणूलाच चिकटणारी प्रथिने) चिकटवली, की ती हव्या त्या रेणूला धरून रेघेवर जमतात. माझ्या मते धातूंच्या नॅनोकणांचे आजवरचे सर्वांत मोठे वैद्यकीय यश हेच आहे, जरी बातम्यांत त्याला क्वचितच जागा मिळते.

प्रश्न : नॅनोचांदीचे द्रावण रोज घेतल्याने रोगप्रतिकारशक्ती वाढते का?

उत्तर : तसा पुरावा नाही. चांदीपासून सुटणारे आयन (विद्युतभारित अणू) जिवाणूंना मारतात, म्हणून भाजलेल्या जखमांवरील काही ड्रेसिंगमध्ये नॅनोचांदी वापरतात. परंतु तो त्वचेवरचा, मर्यादित काळाचा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने होणारा वापर आहे. पोटात घेतलेली चांदी त्वचेत साचून तिला निळसर राखाडी रंग येऊ शकतो आणि द्रावण बंद केल्यावरही तो सहसा जात नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच, चिठ्ठीविना विकली जाणारी अशी औषधे सुरक्षित व परिणामकारक मानता येत नाहीत, असा निर्णय दिला. आपण हे द्रावण घेत असाल, तर डॉक्टरांना अवश्य सांगा, कारण काही प्रतिजैविके आणि थायरॉक्सिन (थायरॉईडच्या कमतरतेवरील औषध) यांचे शोषण त्यामुळे कमी होऊ शकते.