पॉलिसी मोडू की सोनं तारण ठेवू? त्याआधी तो डिप्लोमा बघा

अंबाजोगाईजवळच्या एका शेतकरी वडिलांचं पत्र आहे. मुलगी बारावी सायन्स झाली, बीएस्सी नर्सिंगची सीईटी दिली, गुण बरे आहेत. जात कुणबी, ओबीसी. ओळखीच्या एजंटाने ‘राउंडच्या (सरकारी प्रवेशफेऱ्यांच्या) भानगडीत पडू नका’ म्हणून एका संस्थेत दोन वर्षांचा ‘नर्सिंग केअर डिप्लोमा’ ठरवून दिला, पुढे जर्मनीत नोकरी. फी ३ लाख ६० हजार. ५० हजार आणि मूळ कागदपत्रं देऊन झाली. बाकीच्या पैशासाठी पॉलिसी मोडावी की सोनं तारण ठेवावं, असा प्रश्न आहे.

दोन्ही करू नका. ती फीच भरू नका.

दादा, नर्स म्हणून काम करायला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. ती होते एएनएम (सहायक नर्स-मिडवाइफ, २ वर्षं), जीएनएम (जनरल नर्सिंग-मिडवाइफरी डिप्लोमा, ३ वर्षं) किंवा बीएस्सी नर्सिंग (४ वर्षं) यांवर, तेही मान्य संस्थेतून केलं तरच. एएनएमलाही नर्स-मिडवाइफचा पूर्ण दर्जा नाही. ‘नर्सिंग केअर’, ‘पेशंट असिस्टंट’ असल्या प्रमाणपत्रांवर नोंदणी क्रमांक मिळत नाही. मुलगी दवाखान्यात अटेंडंट म्हणून राहील. आणि जर्मनी? नोंदणी नाही तिथे ते स्वप्न विकणाऱ्याचंच. खऱ्या नर्सलाही तिथे मान्यतेसाठी जर्मन भाषा साधारण बी-टू (कामकाज नीट करता येईल अशा) पातळीपर्यंत यावी लागते.

आता तुम्ही काय सोडून देताय ते बघा. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर ओबीसी मुलींना शासनमान्य महाविद्यालयात कॅप राउंडमधून (म्हणजे त्याच सरकारी प्रवेशफेऱ्यांतून) मिळालेल्या जागेवर शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, २०२४ पासून. मॅनेजमेंट कोट्यात किंवा ‘डायरेक्ट’ गेलात की माफी गेली. एजंट राउंडला भानगड म्हणतो, कारण तिथे त्याला कमिशन नाही.

राहणं-खाणं मात्र तुमचंच. महिना ७ हजार धरा, वर्षाचे १० महिने: चार वर्षांत २ लाख ८० हजार. गणवेश, पुस्तकं, जाणं-येणं धरून सव्वातीन लाख. म्हणजे बिनकामाच्या डिप्लोम्यापेक्षा पदवी स्वस्त. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँक सहसा तारण मागत नाही आणि हप्ता अभ्यासक्रमानंतर वर्षभराने सुरू होतो. सोनं घरात राहू द्या.

पगाराचीही आशा मापात ठेवा. खासगी दवाखान्यात सुरुवात १५ हजारांच्या आसपास धरा. एम्सच्या नॉरसेट या नर्स भरती परीक्षेतून लागली तर मूळ वेतनच ४४,९००. बीएस्सीला थेट अर्ज करता येतो, जीएनएमला आधी ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो.

उद्याच संस्थेत जा आणि टीसी, गुणपत्रिका परत घ्या. मूळ कागद अडकले तर राउंडमधली जागा हातची जाईल. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. ५० हजार परत मागा. नाही मिळाले तरी ते वाचवायला आणखी ३ लाख १० हजार घालू नका. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता तयार ठेवा. वैधता प्रमाणपत्र सगळ्यात जास्त रखडतं. पसंतीक्रमात कॉलेज टाकण्याआधी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या यादीत ते स्वतः शोधा.

पॉलिसीचं म्हणाल, तर वर्षाला ३० हजारांप्रमाणे सहा वर्षांत १ लाख ८० हजार भरलेत. आज मोडली तर साधारण निम्मेच हाती येतील. ‘मुलीच्या शिक्षणासाठी’ म्हणून विकलेली ही पॉलिसी पिकणार मुलगी सत्तावीस वर्षांची झाल्यावर! विकणाऱ्याने तिचं वय तरी विचारलं होतं का? शाखेत जाऊन ती पेड-अप करून घ्या (हप्ते थांबतात, मुदतीअखेर कमी रक्कम मिळते) आणि पुढचे ३० हजार दरवर्षी वसतिगृहाच्या खर्चाला लावा.