वाचक विचारतात : वाळवंटाच्या उन्हासाठी शर्टाचं कापड

प्रश्न : डिसेंबरच्या सुटीत आम्ही सहाजण जैसलमेरला जातोय. सम आणि खुरीच्या वाळूत दोन दिवस उंटावर असू. पांढरा, पातळ सुती शर्ट सगळ्यात बरा, असं घरी सगळे म्हणतात. तेवढा पुरेल का? (एक वाचक, सांगली)

अंगाला गार वाटेल, पण त्वचा भाजायची ती भाजेलच. कापड किती ऊन अडवतं त्याचं माप यूपीएफ. यूपीएफ 50 म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, 2 टक्के, आत येतो. पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टाचा यूपीएफ साधारण 5 ते 8 भरतो आणि घामाने किंवा पाण्याने भिजला की 3 पर्यंत उतरू शकतो. धाग्यांमधल्या फटींत पाणी भरलं की प्रकाश विखुरण्याऐवजी थेट आरपार जातो. म्हणून गारव्यासाठी शर्ट ओला करून अंगात घालू नका. पंचा भिजवून मानेवर ठेवा.

कापड निवडताना आधी वीण बघा. रंग आणि धागा नंतर. कापडाचा 10 टक्के भाग नुसती भोकं असेल, तर धागा कसलाही असो, यूपीएफ 10 च्या वर जाणारच नाही. दुकानात कापडाचा एकच पदर मोबाइलच्या टॉर्चवर ताणून धरा. धाग्यांमध्ये टाचणीच्या टोकाएवढे लखलखीत ठिपके दिसले, तर तो तागा परत द्या. मात्र ही चाचणी वाईट कापड बाद करण्यापुरतीच कामाची आहे. ब्लीच केलेल्या पांढऱ्या सुतातून अतिनील किरण धाग्यातूनही आत शिरतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत.

आम्ही सुचवू कोरा, म्हणजे ब्लीच न केलेला मांजरपाट किंवा कोरी खादी, 130 ते 160 जीएसएमची (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन). मळकट पिवळसर रंग आणि सरकीचे बारीक काळसर कण बघून लोक ती बाजूला सारतात. पण कापसाचा तो मूळ रंगच अतिनील किरण शोषतो आणि ब्लीच केलं की नेमका तोच निघून जातो.

36 इंच पन्ह्याचं कापड असेल तर मध्यम अंगाच्या पुरुषाच्या पूर्ण बाह्यांच्या शर्टाला अडीच मीटर लागतं. कोरं कापड आटतं, म्हणून पावणेतीन घ्या. रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा आणि मगच शिंप्याकडे द्या. आटल्यावर वीण घट्ट होते, म्हणजे आटणं इथे फायद्याचंच.

शिंप्याला चार गोष्टी सांगा. छातीच्या मापापेक्षा घेर 15 ते 20 सेंटिमीटर जास्त हवा, कारण अंगावर ताणलेल्या कापडाची वीण उघडते. बाही नेहमीपेक्षा 4 सेंटिमीटर लांब ठेवा. खोगीर धरून बसलं की ती वर सरकते आणि मनगट उघडं पडतं. काखेत कुडत्यासारखा चौबगला, म्हणजे जोडाचा चौकोनी तुकडा घाला, म्हणजे हात उचलला तरी शर्ट ओढला जाणार नाही. आणि खांद्यावरचा पट्टा दुहेरी हवा. दुपारचं ऊन तिथेच थेट पडतं, आणि एका पदरातून सातवा भाग आत येत असेल तर दोन पदरांतून ढोबळमानाने एकोणपन्नासावा येतो.

प्रश्न : ‘यूपीएफ 50+’ लिहिलेले पॉलिएस्टरचे शर्ट मिळतात. ते सुतीपेक्षा चांगले का? (एक वाचक, नाशिक)

ऊन अडवायला चांगलेच. पॉलिएस्टरचा धागा मुळातच अतिनील किरण बऱ्यापैकी शोषतो, त्यामुळे हलक्या कापडातही आकडा गाठता येतो. पाठीवर सॅक घेऊन रोज पायी चालणार असाल, एकच शर्ट रात्री धुऊन सकाळी घालणार असाल, तर तोच घ्या. घेताना काखेतली आणि पाठीवरची जाळी तपासा. लेबलावरचा आकडा मुख्य कापडाचा असतो, जाळीतून ऊन सरळ आत येतं. जाळी झाकणारी झडप असेल तर हरकत नाही.

जैसलमेरच्या नेहमीच्या सहलीसाठी मात्र आमचा कौल सुतीला. कोकणात सुती शर्ट दिवसभर ओला राहतो, थरच्या कोरड्या हवेत तसं होत नाही. सूत घाम धरून ठेवतं आणि तो कापडातूनच उडताना अंग निवतं. कोरड्या थंडीत पॉलिएस्टर अंगाला चिकटतं, काढताना चटचट ठिणग्या उडतात. आणि तंबूंच्या मुक्कामी रात्री शेकोटी असते. तिच्यातला निखारा सुतावर पडला तर भोक पडेल, पॉलिएस्टर मात्र वितळून त्वचेला चिकटतं. सुती शर्ट घामाने ओला असेल तर सूर्य मावळण्याआधी बदला, वाळवंट झपाट्याने गार होतं.

प्रश्न : वाळवंटातले बदाऊनी लोक काळे झगे घालतात. मग गडद रंग चालेल का? (एक वाचक, सोलापूर)

चालेल, पण सैल असेल तरच. 1980 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात याच प्रश्नावर एक अभ्यास छापून आला. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो, पण त्वचेपर्यंत पोचणारी उष्णता दोन्हींत सारखीच निघाली. जादा उष्णता झग्याच्या आतबाहेर खेळणारी हवा वाटेतच घेऊन जाते. अंगाला घट्ट बसणाऱ्या काळ्या टी-शर्टाला हा हिशोब लागू होत नाही.

प्रश्न : कच्छच्या पांढऱ्या रणात जायचंय. माझ्याकडे चिकनचे आणि रेयॉनचे कुडते आहेत. (एक वाचक, ठाणे)

दोन्ही घरीच ठेवा. चिकनकामाच्या जाळीतून ऊन ठिपक्याठिपक्यांनी भाजतं, आणि रेयॉन भिजलं की लोंबतं, वीण सैल पडते. रणात ऊन खालूनही येतं. कोरडी वाळू साधारण 15 टक्के अतिनील किरण परत फेकते, मिठाची पांढरी जमीन त्याहून जास्त. म्हणून हनुवटीखालचा भाग आणि गळा झाकणारा उभ्या पट्टीचा कुडता घ्या. भुजजवळच्या अजरखपूरला थांबणार असाल तर तिथली जाड सुती अजरख, म्हणजे ठशांनी छापलेलं कापड घ्या. गडद निळा-लाल रंग ऊन शोषतो आणि छपाईच्या कामात कापड इतक्यांदा धुतलं जातं की ते आधीच आटलेलं असतं. मलमलवरची अजरख देखणी असते, पण ती संध्याकाळसाठी ठेवा.

प्रश्न : सनस्क्रीनमुळे कॉलरवर तांबूस डाग पडतात. ब्लीचनेही जात नाहीत. (एक वाचक, पुणे)

ब्लीच थांबवा, त्याने डाग पक्का होतो. बऱ्याच सनस्क्रीनमध्ये एव्होबेन्झोन हा अतिनील किरण शोषणारा घटक असतो. पाण्यात लोह असेल तर दोन्ही मिळून गंजासारखा डाग पडतो. आधी कॉलर साबणाने चोळून तेलकटपणा काढा, मग लिंबाचा रस लावून अर्धा तास ठेवा आणि शक्य तर गाळलेल्या पाण्याने धुवा. सहलीत कॉलरच्या आत एक पातळ रुमाल घातला की डाग रुमालावरच राहतो.