शिडाच्या होडीत विजेची मोटर: वाचकांचे प्रश्न

डिझेल इंजिन काढून शिडाच्या होडीत विजेची मोटर बसवण्याबद्दल कोकण किनाऱ्यावरच्या वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न: आमची 26 फुटी फायबरची शिडाची होडी जयगडच्या खाडीत असते. वजन अडीच टन, पाण्यातली लांबी 22 फूट. 10 हॉर्सपॉवरचं इंजिन थकलंय. तेवढ्याच ताकदीची, म्हणजे साडेसात किलोवॅटची मोटर घ्यावी का? बॅटरी किती लागेल?

उत्तर: पाच किलोवॅटची मोटर पुरेल. अशा होडीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीवर अडतो. फुटांतल्या लांबीच्या वर्गमुळाला 1.34 ने गुणा, तुमच्यासाठी उत्तर येतं साधारण 6.3 नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल). त्याच्या जवळ पोचलं की वीज भराभर संपते, वेग मात्र वाढत नाही. तळ स्वच्छ आणि पाणी शांत असेल तर 4 नॉटला सव्वा किलोवॅट, 5 नॉटला अडीच आणि 6 नॉटला पाच किलोवॅट असा हिशोब धरा. समोरून वारा आणि लाटा असतील तर हाच खर्च दुपटीवरही जातो.

बॅटरीसाठी 280 अँपिअर-तासांचे 16 लिथियम आयर्न फॉस्फेट सेल एका ओळीत जोडा. 51.2 व्होल्टवर 14.3 युनिट वीज साठते, सेलचं वजन 90 किलोच्या आत राहतं. त्यातली 80 टक्केच वापरायची, म्हणजे साडेअकरा युनिट. 4 नॉटने नऊ तास आणि 36 सागरी मैल, 5 नॉटने 23 मैल, 6 नॉटने जेमतेम 14. लहान डिझेल इंजिन एका लिटरमागे होडीच्या पंख्याला (प्रोपेलरला) अडीच-तीन युनिटच देतं. त्यामुळे हा सगळा साठा चार लिटर डिझेलएवढा आहे, हे होडीवरच्या प्रत्येकाला माहीत हवं.

म्हणूनच कोकणात या होडीचं गणित भरती-ओहोटीवर बसवायचं. खाडीत शिरताना समोरून 2 नॉटची ओहोटी असेल तर 4 नॉटने चालणारी होडी जमिनीच्या हिशोबाने 2 नॉटनेच पुढे सरकते आणि मैलामागे 0.62 युनिट जातात. घाईने 6 नॉट केलेत तर मैलामागे सव्वा युनिट, म्हणजे बरोबर दुप्पट. भरतीबरोबर आत आलात तर पाणीच होडी आणतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, ही किनाऱ्यावरची रीत अंदाजापुरती चांगली आहे: अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या. नेमकी वेळ कोष्टकात बघा, आणि उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) दिवसांत भांगापेक्षा (लहान भरतीपेक्षा) जास्त राखीव वीज ठेवा. बाहेर जाताना सकाळचा मतलई वारा आणि परत येताना दुपारचा खारा वारा मिळाला तर मोटर धक्क्याजवळच लागते.

प्रश्न: इंजिन आणि गिअरबॉक्स काढून मोटर पट्ट्यावर जोडली. काही दिवसांतच पंख्याचा शाफ्ट (दांडा) पुढे सरकला, पट्टा कडेने कुरतडला गेला आणि खाली काळी पूड साचली. मोटर चुकीची आहे का?

उत्तर: मोटर बरोबर आहे, थ्रस्ट बेअरिंग राहिलंय. पंखा पाणी मागे ढकलतो तेव्हा तेवढ्याच जोराने शाफ्ट पुढे रेटला जातो. पाच किलोवॅटला हा रेटा पाऊण क्विंटलच्या आसपास असतो. आधी तो गिअरबॉक्समधलं बेअरिंग झेलत होतं. तुम्ही गिअरबॉक्स काढलात आणि तो रेटा पुलीवर आला. साधं पिलो ब्लॉक बेअरिंग शाफ्ट तोलून धरण्यासाठी असतं, लांबीच्या दिशेचा सततचा रेटा त्याने घेऊ नये. आतमध्ये समोरासमोर बसवलेली दोन टेपर रोलर बेअरिंग असलेला ब्लॉक घ्या. मोटर उलटी फिरवल्यावर शाफ्ट मागे ओढला जातो, तेही त्याने धरायला हवं. हा ब्लॉक जुन्या इंजिनाच्या पायांवर जाड पट्टी टाकून आरपार बोल्टने बसवा, फायबरमध्ये स्क्रू पिळून भागवू नका.

यानंतर कपलिंग, म्हणजे ब्लॉक आणि पंख्याचा शाफ्ट यांचा जोड, सरळ करा. होडी पाण्यात तरंगत असतानाच हे करायचं, कारण बाहेर टेकूवर ठेवली की तिचा आकार किंचित बदलतो. जोडाच्या दोन्ही फ्लँज (चकत्या) एकमेकांना टेकवून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. चार इंची फ्लँजला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी फटीतला फरक 0.1 मिलिमीटरच्या आत हवा. मग शाफ्ट पाव फेरा फिरवून पुन्हा मोजा. फरक शाफ्टबरोबर फिरत असेल तर शाफ्ट वाकलाय किंवा फ्लँज वाकडी आहे, आणि मोटर कितीही हलवली तरी ते सुधारणार नाही. पुल्यांच्या कडांना सरळ पट्टी लावून बघा, ती दोन्हीकडे सपाट टेकली पाहिजे. काळी पूड याच वाकडेपणाची असते.

पंखाही मोजा. जुना पंखा डिझेलच्या फेऱ्यांसाठी निवडलेला असतो. मोटर 2500 ते 3000 फेऱ्यांची असेल तर पुल्यांचं प्रमाण अडीचास एक ठेवून पंखा 1000 ते 1200 वर चालवा. होडीच्या तळापासून पात्याच्या टोकाला जागा असेल तर मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा घ्या. जास्तीच्या बॅटरीवर पैसे घालण्याआधी यावर घाला, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न: ई-रिक्षाच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या चालतील?

उत्तर: खाडीच्या मुखापर्यंत मैल-दोन मैल जाऊन शीड उभारणार असाल तर चालतील. 120 अँपिअर-तासांच्या चार बॅटऱ्यांवर जवळजवळ पावणेसहा युनिट असं गणित येतं. पण 50 अँपिअरने ओढल्यावर क्षमता घटते आणि निम्म्याखाली उतरवल्या तर त्या लवकर मरतात. हाती अडीच युनिट लागतील. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, म्हणून पेटीला वरच्या बाजूने हवा जायला वाट ठेवा.

प्रश्न: एकाच हंगामात केबलची टोकं हिरवी पडली आणि मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर बंद पडला. काय चुकलं असेल?

उत्तर: खारी हवा उघड्या तांब्यात शिरली. असं टोक कापून बघा: लगजवळची (टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीजवळची) तार हिरवी, आत वीतभर काळी दिसेल. घासून चालत नाही, तेवढी केबल काढूनच टाकावी लागते. नवी केबल कल्हई केलेल्या तांब्याची, 50 चौरस मिलिमीटरची घ्या. लग हायड्रॉलिक प्रेसने दाबा आणि त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. कंट्रोलर बिल्जपासून (होडीच्या तळाशी पाणी साचतं तिथून) उंच, ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्यावर बसवा.

बॅटरीच्या धन टोकाजवळच क्लास-टी फ्यूज हवा. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर वाहतात आणि साधा फ्यूज ते तोडू शकत नाही. स्विच टाकताना ठिणगी उडत असेल तर सुरुवातीचा प्रवाह हळू सोडणारा प्रीचार्ज रेझिस्टर नाही. कंट्रोलरमधले रिकामे कपॅसिटर एकदम भरतात आणि कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा मुख्य स्विच) चिकटून बसतो.

48 व्होल्टचं ऋण टोक शाफ्टला किंवा पाण्यातल्या कुठल्याही धातूला जोडू नका. सगळं चालू ठेवून मल्टीमीटरने धन ते शाफ्ट आणि ऋण ते शाफ्ट व्होल्टेज बघा. एखादीकडे ठाम व्होल्टेज टिकून राहिलं तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शाफ्ट-पंखा खात राहील. इतर धातू वाचवायला लावलेला जस्ताचा तुकडा नेहमीपेक्षा लवकर झिजणं हीच तिची पहिली खूण.

प्रश्न: पावसाळ्यात बॅटरी होडीतच ठेवावी का?

उत्तर: नाही. जूनआधी काढून घरात कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. पत्र्याच्या तापणाऱ्या शेडमध्ये नको. पूर्ण भरून ठेवली तर सेल लवकर म्हातारे होतात, म्हणून निम्मी भरून ठेवा आणि दोन्ही केबल सोडा. बीएमएस (सेलवर नजर ठेवणारं सर्किट) स्वतः थोडी वीज खात राहतो, त्यामुळे महिन्यातून एकदा प्रत्येक सेल मोजा. 3.28 ते 3.30 व्होल्ट ठीक. एखादाच सेल दर महिन्याला इतरांपेक्षा खाली येत असेल तर नारळी पौर्णिमेनंतर पेटी होडीत चढवण्याआधी तो बदला, कारण चालत्या होडीत बीएमएस त्या एका सेलसाठी सगळी मोटर बंद करतो.